एकदाही न घातलेले

सुरभी दुपारी झोपली की अर्पिताच्या हाती पाऊण तास लागायचा. तेवढ्यात भांडी, वाळत घातलेले कपडे, स्वतःचं जेवण, आणि मग मोबाइलवरचं ते ॲप. त्यावर ती जुन्या वस्तू विकायची. आधी स्वतःच्या, मग नणंदेच्या, आणि पुढे पुढे गल्लीतल्या बायाच आपणहून आणून द्यायला लागल्या. कुणाची लग्नात आलेली आणि खोक्यातच राहिलेली इस्त्री, कुणाच्या नातवाचं वॉकर. आर्णीत बसून सून पुण्या-नाशिकला पार्सलं धाडते याचं सासूला, इंदूबाईंना, कोण कौतुक! नवरा गोपाल बाजारात एका अडत्याकडे मापारी होता. दिवसभर तुरीची नि सोयाबीनची पोती मोजायची, सुतळीनं त्यांची तोंडं बांधायची, आणि दुपारी जेवायला घरी यायचं.

"एखाद्या दिवशी माहाही फोटो टाकशीन त्याच्यावर," तो जेवता जेवता म्हणायचा. "वापरलेला, पण चालू स्थितीत."

"चालू स्थितीत म्हून कोनं सांगतलं तुमाले?" ती विचारायची, आणि इंदूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

विकणं सोपं होतं. वस्तू परत येते तेव्हा खरी परीक्षा. पांढरकवड्याच्या एका गिऱ्हाइकानं मिक्सरचं चांगलं भांडं ठेवून घेऊन आपलं तडा गेलेलं परत धाडलं, तेव्हापासून अर्पिता शहाणी झाली होती. पॅकिंग करताना ती मधे न थांबता व्हिडिओ काढायची. गिऱ्हाईक कितीही वाकडं बोललं तरी उत्तर गोड द्यायची. आणि एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, गोपाललाही नाही. प्रत्येक वस्तूवर ती खूण करायची. स्टीलच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका, कापडाला आतून लाल दोऱ्याचा एकच तिरपा टाका. परत आलेली वस्तू आपलीच की बदललेली, हे तिला दोन मिनिटांत कळायचं. आजवर एकही तक्रार ती हरली नव्हती.

त्या दिवशी तिनं पांढरे कापडी बूट विकायला काढले. सुरभी दहा महिन्यांची असताना हौसेनं आणले होते, पोरगी उभी राहील त्या दिवशी घालायचे म्हणून. आता सुरभीला सतरा महिने झाले होते. ती बसायची, सरकायची, पोटभर हसायची, पण उभी राहत नव्हती. डावं पाऊल आत वळलेलं होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी मालीश सांगितली होती, व्यायाम सांगितला होता, आणि दोन वर्षांची होईपर्यंत थांबू म्हणाले होते. पाय वाढायचा तोवर थांबणार नव्हता. बूट घट्ट होत आले, तळ मात्र खोक्यातून काढले तसेच.

"एकदाही न घातलेले," तिनं फोटोखाली लिहिलं. हे तीन शब्द लिहायला तिला बाकीच्या सगळ्या माहितीपेक्षा जास्त वेळ लागला.

बूट मिनिटाभरात विकले गेले. लेबलवर नाव आलं : बबिता, राजूर. म्हणजे वणीकडचं, कोळशाच्या खाणीचं राजूर. तिनं बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लाल टाका घातला, लेसा ओवून मोकळ्या सोडल्या, व्हिडिओ काढला आणि पार्सल दिलं.

चौथ्या दिवशी तक्रार आली. "बूट वापरलेले निघाले. तळ घासलेला आहे. परत करत आहे."

अर्पिताला हसूच आलं. तिनं व्हिडिओ जोडला, तळाचा फोटो जोडला, आणि लिहिलं, "ताई, अवश्य पाठवा, पाहते."

पार्सल देवसिंगनं आणलं. तो जवळच्या तांड्यावरचा, पन्नाशीचा माणूस. गावातली सगळी कुरिअरं त्याच्याच पिशवीतून फिरायची.

"ताई, वापस आलं हे."

"येऊ द्या देवसिंगभाऊ. आपल्यापाशी पुरावा आहे."

ओट्यावर बसून तिनं पार्सल फोडलं. डाव्या बुटाचं नाक पार दोरा दिसेपर्यंत घासलेलं होतं. उजव्याची टाच एका अंगानं बसलेली. तळाच्या बारीक भेगांमध्ये माती दडपून बसली होती. बदलले, असं म्हणून तिनं जीभ उलटी केली.

लाल टाका होता. तिरपा, तिच्याच हातचा.

तिनं शांतपणे हिशोब लावून पाहिला. जायला दोन दिवस, यायला दोन. राहिले दोन. दोन दिवसांत एवढा तळ झिजत नाही. मुद्दाम कानशीनं घासला असता तर ओरखडे एका दिशेनं गेले असते, आणि भेगांत माती भरली नसती. हे बूट कुणीतरी महिनोन् महिने वापरले होते, आणि जे पोर वापरत होतं ते डावा पाय ओढत चालत होतं.

डाव्या नाकाला हिरवा ऑइलपेंट लागला होता. मग उठून तिनं तो बूट आपल्या ओट्याच्या पायरीच्या कडेला लावला. दिवाळीत गोपालनं उरलेल्या हिरव्या रंगात ती कड रंगवली होती. रंग तोच. पायरीवर मात्र अजून कुठं टवका उडालेला नव्हता.

आणि लेसा. मोकळ्या पाठवलेल्या लेसा दोन्ही बुटांवर बांधलेल्या होत्या. सुरगाठ, दोन्ही कान अगदी सारखे. ती स्वतः बांधते तशी.

तिनं तक्रार लढवली नाही. ॲपवर "मान्य" दाबलं. मग आत येऊन झोपलेल्या सुरभीचं वळलेलं पाऊल हातात घेतलं आणि तिच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, हसण्यासारखा. पाय ओढत का होईना, पण कुणीतरी चालत होतं.

नणंदेनं पाठवलेले निळे बूट कपाटात होते, तीन वर्षांच्या मुलीच्या मापाचे. दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांचा फोटो टाकला. एकदाही न घातलेले. फोनवरचं बोट उचललं न उचललं तोच विकल्याची घंटी वाजली. बबिता, राजूर.

"माय व, ते तं माह्या पोरीनं देल्ले न व?" इंदूबाई म्हणाल्या. "कायले विकून राह्यली?"

"येतेत वापस, आई," अर्पिता बोलून गेली.

"वापस यायसाठी कोनी विकते काय?"

तक्रार आली तेव्हा तिला माहेरचं पत्र आल्यासारखं झालं. "वापरलेले निघाले." येऊ दे, येऊ दे! पार्सल येईपर्यंत तिचं लक्ष सारखं रस्त्याकडे होतं. देवसिंगची गाडी वाजली की ती पोळी तव्यावर टाकून धावायची.

निळ्या बुटांचं डावं नाक घासलेलं होतं, पण थोडंसं. तळात गोखरूचा काटा रुतला होता. आत बोटं घातली तर एक चिंचोका लागला, घासून घासून एका बाजूनं पांढरा केलेला. जिभेखाली तिचा टाका. लेसांची सुरगाठ, सारख्या कानांची.

त्या दुपारी तिनं दोन्ही जोड गोपालपुढे ठेवले. त्यानं उलटे-सुलटे करून पाहिले.

"लोकं भल्ले बदमाश झाले. टाकली न तक्रार?"

"अहो, घासलं कसं आहे ते तं पाहा. डावा पाय पाहा."

"अर्पिता," तो हळू आवाजात म्हणाला, "पोरीचा पाय डोक्यात घेऊन बसली तू. होईन सगळं. डॉक्टरनं सांगतलं न?"

तिनं दोन्ही जोड उचलून कपाटात ठेवले. तिच्यापाशी डॉक्टरपेक्षा पक्की बातमी होती, पण ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला आता आणखी बातमी हवी होती. पाय किती सरळ होतो? पोरगी पळते का? शाळेत जाते का?

बसस्टँडजवळच्या दुकानातून तिनं काळे शाळेचे बूट घेतले. लेसवाले.

"कितवं वर्ष आहे?" दुकानदारानं विचारलं.

"सहावं."

त्यानं तिच्या कडेवरच्या सुरभीकडे पाहिलं. "हे?"

"मोठी घरी आहे," अर्पिता म्हणाली आणि तिनं पैसे काढले.

ॲपवर टाकल्या टाकल्या बूट बबिताकडे गेले. आठ दिवस झाले, तक्रार नाही. दहा झाले. बारा. रोज दुपारी ती ॲप उघडायची आणि बंद करायची. भाजीत मीठ दोनदा पडलं. आजवर प्रत्येक तक्रारीशी भांडलेल्या अर्पितानं शेवटी स्वतःच लिहिलं, "ताई, बूट कसे आहेत? काही तक्रार असल्यास नक्की कळवा."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बूट चांगले आहेत. लेस बांधता येत नाही. परत करत आहे."

असली तक्रार तिनं कधी पाहिली नव्हती.

पार्सल आलं तेव्हा गोपाल जेवून खाटेवर आडवा झाला होता आणि सुरभी पलीकडे गोधडीवर झोपली होती. इंदूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. अर्पितानं जमिनीवर बसून, आवाज होऊ न देता, चिकटपट्टी कापली.

आधी तळ पाहिले.

दोन्ही सारखे झिजले होते. डाव्याचं नाक उजव्याइतकंच शाबूत. टाचेखाली गोल झीज, चवड्याखाली गोल झीज. ही पोरगी पळत होती. उड्या मारत होती. अर्पितानं तो तळ गालाला लावला. डोळे आपोआप वाहायला लागले, आणि तिनं ते वाहू दिले.

मग तिनं बूट सरळ केला.

मागची कड चेंगरून सपाट झाली होती. लेस न सोडताच पाय कोंबून घातला की होते तशी. दोन्ही बुटांची. रोज, कितीतरी दिवस.

लेसांना निरगाठ होती. दुहेरी, करकचून आवळलेली, धुळीनं दगड झालेली. एकदा बांधली ती पुन्हा कुणी सोडलीच नव्हती.

ही गाठ तिनं बांधलेली नव्हती. तिनं आयुष्यात पोरीच्या बुटाला अशी गाठ मारली नसती. सहा वर्षांची पोर, शाळेचे बूट, आणि सकाळी समोर बसून लेस बांधायला कुणी नाही.

मग तेव्हा आपण कुठं आहोत?

प्रश्न मनात आला तशी तिनं कपाटातून निळा जोड काढून एका बुटाची सुरगाठ सोडली. बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"अहो," ती म्हणाली. "उठा. इकडं या."

गोपाल डोळे चोळत खाटेच्या कडेला बसला. तिनं निळा बूट त्याच्या हातात दिला. "याची लेस बांधून दाखवा."

"आता?"

"बांधा न."

त्यानं बांधली. पोत्याचं तोंड आवळतो तशी, एक गाठ, तिच्यावर दुसरी, आणि वरून एक झटका. "घे. मरेपर्यंत नाही सुटाची."

"अशी नाही. पाहा, हा एक कान करायचा. मग दुसरा. असा खालून घ्यायचा. करून पाहा."

"काहून आजच?"

"करून पाहा म्हणलं न!"

तिचा आवाज फाटला तसं त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. मग हसून बूट बाजूला ठेवला. "तू असल्यावर मले कायले शिका लागते?"

तिनं बूट पुन्हा त्याच्यापुढे सरकवला, तेवढ्यात गोधडीवर हालचाल झाली.

सुरभी जागी झाली होती. भिंतीला हात टेकून ती उभी होती.

सुरभीनं भिंत सोडली. डावं पाऊल आत वळलेलं, अंगठा फरशीवर घासत, ती एक पाऊल पुढे आली. मग दुसरं.

अर्पिता दोघांच्या मधेच जमिनीवर बसली होती. तिनं दोन्ही हात पसरले. "ये माय. ये, आईकडं ये."

सुरभी हसत होती. तिची नजर अर्पिताच्या तोंडावर आली आणि तिथं न थांबता पुढे गेली. तिचा तोल गेला, हात आधार शोधत हवेत फिरला, आईचा खांदा वीतभर अंतरावर होता. तिनं खाटेचा पाय धरला. पुन्हा उभी राहिली. आणि पसरलेल्या हातांच्या बाजूनं, मोकळ्या फरशीवरून जावं तशी, सरळ बापाच्या मांडीवर जाऊन आदळली.

गोपालनं तिला वर उचललं. तो हसत होता, रडत होता, त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"चालली! चालली माही बाई!" मग सैपाकघराकडे तोंड करून तो मोठ्यानं ओरडला, "अर्पिता! अवं अर्पिता, लवकर ये! कुठी गेली तू?"

अर्पिता त्याच्या पायाशी बसली होती. तिचे हात अजून पसरलेलेच होते.