दुसरी चावी

मिरकरवाड्याच्या वरच्या टेकडीवर एका मासळी कंपनीचा वायरलेसचा टॉवर होता, आणि त्या टॉवरचा एकच कायदा होता. वर चढणाऱ्यानं यंत्राची चावी खिशात घालूनच चढायचं. चावी वर, म्हणजे खाली यंत्र बंद; चालू यंत्राच्या लहरी टोकावरच्या माणसाला आतून भाजतात. इंजिनियर साळवीनं ८२ साली स्वतःच तो कायदा केला होता आणि स्वतःच तो मोडला.

गेल्या वर्षी भागोजी रंगारी रंगाचा डबा घेऊन टोकाला बसला असताना कंपनीच्या शेटचा निरोप आला. ट्रॉलरवर माल किती आहे, ते लिलावाआधी कळायला हवं. साळवीनं खणातून दुसरी चावी काढली आणि वीस मिनिटं तो माइकवर बोलत राहिला. "किती पेट्या? ओव्हर."

भागोजी थरथरत उतरला. "सायेब, आंग आतून भाजतंय. यंत्र चालू होतं."

"चावी तुझ्याच खिशात आहे ना रे?" साळवी म्हणाला.

चौकशीतही तो तेच म्हणाला आणि सगळ्यांना पटलं. भागोजी खोटारडा ठरला. त्याचे डोळे कालवणातल्या माशाच्या डोळ्यांसारखे पांढरे झाले आणि पावसाळ्याआधी तो गेला. जाताना बायकोला, येसूबाईला, म्हणाला, "दुसरी चावी हाय. मी हुडकून काढीन." साळवीनं ती केव्हाच भाट्याच्या खाडीत फेकली होती.

साळवी भुताखेतांना भीक घालणारा नव्हता. यंदा नारळी पौर्णिमेच्या तोंडावर वाऱ्यानं टोकाची तार तुटली, ट्रॉलर दुसऱ्या दिवशी सुटणार, आणि टॉवरवर चढायला गावातला कुणी तयार होईना. झक मारत तोच निघाला. चावी खिशात घालून वर रुमाल कोंबला. खोलीला बाहेरून कडी लावली आणि ऑपरेटर विठूला समोर काजूखाली बसवलं.

टोकावर उघाडीचं ऊन होतं, वारा गार होता. खाली बंदरात बर्फाची गाडी रिकामी होत होती. त्यानं तार जोडली.

मनगटावरचं घड्याळ गरम झालं.

मग दात, मुळापासून.

मग डोळे.

खालच्या बंद खोलीतून आवाज आला, "किती पेट्या? ओव्हर." आवाज त्याचाच होता. प्रत्येक शब्दाला आतून चटका बसत होता. साळवी घाबरला. मरणाला नव्हे, डोळ्यांसाठी.

"विठ्या, बंद कर!"

"सायेब, मी हितंच हाय! आत कोन नाय!"

पाय उचलेनात. उतरायला वीस मिनिटं लागली.

कडी तशीच होती. आत यंत्र गार पडलेलं होतं.

"यंत्र चालू होतं," साळवी म्हणाला. समोर उभ्या विठूचा चेहरा त्याला धुक्यात असल्यासारखा दिसत होता.

विठू चाचरला. "पन सायेब, चावी तुमच्याच खिशात हाय ना?"

साळवीनं खिशात हात घातला. रुमाल बाजूला सारला. बोटांना दोन चाव्या लागल्या.

एक कोरडी होती. दुसरी ओली होती आणि तिला वाळू लागली होती.