विहिरीचा प्रसंग

बेटावरच्या त्या मालिकेला लोक भरपूर नावं ठेवायचे आणि शुक्रवार आला की पुन्हा तिच्यापुढेच बसायचे. इवलंसं बेट, दर आठवड्याला एक खून. इतक्या वर्षांत तिथं माणसं शिल्लक तरी किती राहिली असतील! गुप्तहेर साहेब तीनदा बदलले, समुद्र आणि माड तेवढे तेच. शेवटी साहेब सगळ्यांना गोळा करणार, येरझाऱ्या घालणार आणि एकाकडे बोट दाखवणार. कुंडलच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या ब्राह्मीला हा सगळा खुळचटपणा वाटायचा. पण सुंदरीसाठी ती बघायची.

सुंदरी तिची धाकटी बहीण, सांगलीजवळच्या एका मळ्यात दिलेली. दोघी जैन, म्हणून दिवस मावळायच्या आत आपापल्या घरी जेवून घ्यायच्या आणि फोन चालू ठेवून मालिका बघायच्या. पहिली जाहिरात लागायच्या आत सुंदरीचा खुनी ठरलेला असायचा.

"अक्का, न इचारता जो बैजवार सांगत बसलाय न्हवं, त्योच बघ."

आणि तोच निघायचा. मग ब्राह्मी भागाखाली लोकांनी लिहिलेली मतं मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवायची. साताऱ्याचे कुणी ज्ञानू सुभेदार होते, पलटणीतून रिटायर झालेले. त्यांचं मत कधी बदललं नाही. "पहिला साहेब बरा हुता. ह्यो लय बोलतो." त्यावर दोघी पोट धरून हसायच्या.

दिवाळी झाली आणि सुंदरी मळ्यातल्या विहिरीत पडून गेली.

तिच्या नवऱ्याचं नाव अतिशय. तो आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होता. "पाणी गाळलं, जिवाणी सोडाय काठावर गेली. वाकून फडकं पिळाय लागली, आन् तोल गेला." पाणी गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव राहतात ती जिवाणी, ज्या विहिरीचे जीव त्याच विहिरीत परत सोडायचे, ही जैनांच्या घरातली जुनी रीत. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. बायका म्हणाल्या, धर्म पाळता पाळता गेली, पुण्यवान गं. ते पुण्यवान ऐकून ब्राह्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्यानंतर तिनं मालिका बघितली नाही. मतं तेवढी वाचायची. तेवढाच सुंदरीचा हसरा आवाज कानात यायचा.

थंडी सरताना एका शुक्रवारी पाचगणीच्या कुणीतरी लिहिलं होतं, "विहिरीचा प्रसंग फार रटाळ." बेटावर विहीर कुठली, म्हणून ब्राह्मीनं भाग लावला. हॉटेल, होडी, वाळूत पडलेला चष्मा. विहीर नव्हती. चुकून दुसऱ्या मालिकेचं मत इथं पडलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

पुढच्या शुक्रवारी निम्मी मतं विहिरीवरच होती. एका बाईनं तर लेखकाची हजेरीच घेतली होती. "फडकं पिळतात का कधी? पिळलं की जीव मेले! वरून पाणी घालून फडकं धुतात, ते पाणी कळशीत धरतात आणि कळशी दोरीनं अलगद खाली सोडतात. वाकायचा प्रश्नच येत नाही. लिहिण्याआधी कुणाला तरी विचारायचं होतं."

ब्राह्मीच्या हातातला मोबाईल खाली पडला.

परकरातल्या सुंदरीला कळशीची गाठ मारायला तिनंच शिकवलं होतं. फडकं पिळणं त्या दोघींना कधी सुचलंही नसतं. ज्यानं जन्मात पाणी गाळलं नाही, त्या नवऱ्यालाच ते सुचलं. आणि विज्ञान शिकवणारी ही बाई तेव्हा नुसती रडत बसली होती.

तो उचलून तिनं सुभेदारांच्या मताखाली विचारलं, "कुठली विहीर?"

लगेच उत्तर आलं. "ताई, तुमी बघितला न्हाई व्हय भाग? उसाच्या कडंची. बाई पाठमोरी हुबी हाय, मागं बघत बी न्हाई. नवराच हाय, बारकं पोर बी सांगंल. पर साहेब त्येचं नावच घेईना. लय रटाळ केलंय गड्या."

एका बाईचा जीव गेला आणि ह्यांना रटाळ वाटलं!

ती अण्णांकडे गेली. वडील भिंतीला टेकून बसले होते.

"अण्णा, आपल्यात फडकं पिळत्यात का?"

"न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं. "आता उकरून काय करायचं, पोरी? आपलेच दात, आपलेच ओट."

म्हणजे अण्णांना तेव्हाच कळलं होतं. कळून ते मूग गिळून बसले होते. त्या क्षणी तिला बापाची किळस आली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती कुणालाही न सांगता एसटीत बसली.

अतिशय मळ्यात एकटाच होता. "आवं अक्का, तुमी? या की!"

"कशी पडली ते मला दाखव."

त्यानं विहिरीचा काठ दाखवला. पाणी खोल, काळंशार होतं. मोटारघराच्या खुंटीला कळशी टांगलेली होती, कडीला दोर तसाच बांधलेला.

"फडकं पिळत होती?"

"व्हय. रोज पिळायची."

"रोज?"

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग कळशीकडे. "थांबा, पाणी आनतो," तो म्हणाला. "दिवस मावळाय लागलाय, पुन्हा तुमी घ्यायच्या न्हाई."

तो घरात गेला. ऊस सळसळत होता. ब्राह्मी काठावर उभी राहिली, सुंदरी उभी असेल तिथंच.

मोबाईल वाजला.

आजचा भाग अजून लागायचा होता. मतं आली होती.

"कुणाला न सांगता गेली, हे काय पटलं नाही."

"विहीर परत तीच."

"शेवट आधीच कळला होता."

खाली सुभेदार होते. "थोरलीला काढली हे बरं केलं न्हाई. बरं काम करायची."

मागं पावलं वाजली.

मागं बघायचं, एवढंच तिला सुचलं. ती वळली.

अतिशय येत होता. हातात पाण्याचा तांब्या नव्हता. ओलं फडकं होतं, आणि चालता चालता तो ते पिळत होता. पाणी वाटेवरच्या धुळीत ठिबकत होतं.