सावलीची दोरी

हवेली विकायला काढल्यापासून जेवणघरातली भेग वाढतच चालली होती. ओल्तेनिया प्रांतातल्या उन्हाळ्यात जुन्या भिंती तडकायच्याच, असं इलिंका स्वतःला बजावायची. पण आज सकाळीच क्रायोवा शहराहून गिऱ्हाईक यायचं होतं. हा सौदा फिसकटला, तर तिला याच घरात म्हातारं व्हावं लागणार होतं, आणि या घराचा तिला मनापासून तिटकारा होता.

का नसावा? याच जेवणघरात पणजोबांना त्यांच्या गाडीवानाने कुऱ्हाडीने तोडलं. याच भिंतीशी आजोबांनी सख्ख्या भावाचा गळा दाबला. दोन्ही वेळा आधी भेग पडली आणि माणूस मेल्यावर ती आपोआप बुजली, असं गावात बोलत. गावाला काय, तोंडाला हात कोण लावणार!

उजाडताच गवंडी भेग उकरायला लागला. आतून दोन दोऱ्या निघाल्या, माणसाच्या उंचीच्या. त्याच्या हातातली थापी गळून पडली.

"बाई, ही सावलीची मापं. सावलीचं माप भिंतीत चिणलं, की भिंत टिकते आणि माणूस जातो. मला नका सांगू हे काम." छातीवर क्रूस काढत तो हत्यारं तिथेच टाकून पळाला.

साबिन खो खो हसला. इलिंकाचा हा धाकटा भाऊ तिच्याहून वीतभर उंच, आणि सकाळीच घोटभर प्यायलेला.

"पळपुटा! ताई, हलू नकोस. तुझंच माप घेतो. भिंतही टिकेल, तुझी कटकटही जाईल!"

"साबिन, असली थट्टा नको."

खिडकीतून आडवं ऊन येत होतं. भिंतीवर दोघांच्या सावल्या एकात एक मिसळल्या होत्या. त्याने सावलीच्या टाळूपासून टाचेपर्यंत दोरी धरली, कापली, भेगेत कोंबली आणि तेवढ्याच जागेवर गिलावा थापला. एक टोक बाहेरच लोंबत राहिलं.

ओला गिलावा बघता बघता सुकला.

इलिंकाने गवंड्याची हातोडी उचलली.

"काढ ती दोरी!"

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" त्याने तिचं मनगट धरलं.

हातोडी भिंतीसाठी उचललेली होती. बसली त्याच्या कानशिलावर. तो कोसळला. दुसऱ्या घावाला तिचा हात तिचा राहिला नव्हता. मग तिसरा. मग किती तरी.

थांबल्यावर तिने ते टोक ओढलं. दोरी अलगद बाहेर आली.

तिने ती साबिनशेजारी अंथरली. टाळूपासून टाचेपर्यंत. तसूभरही कमीजास्त नाही.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. तिने वर पाहिलं. भिंतीवर भेग नव्हती.