अधांतरी आसन

फोन वाजला तेव्हा इन्स्पेक्टर बाई फोनच शोधत होत्या. उशीखाली नव्हता, कपाटावर नव्हता. शेवटी तो वाजला फ्रिजमध्ये, अंड्यांच्या शेजारी. त्यांनी तो गारेगार कानाला लावला.

“मॅडम, नाट्यगृहात या. एक बाई पडलीय,” पलीकडून हवालदार म्हणाला.

“कुठून?”

“हवेतून.”

“हवालदार, नीट सांगा.”

“नीटच सांगतोय, मॅडम. हवेत मांडी घालून बसली होती. हवेतच उभी राहायला गेली आणि पडली. नवरा जादूगार आहे तिचा.”

इन्स्पेक्टर बाई पोचल्या तोवर जादूगाराच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. खुबा मोडला होता, डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. प्रेक्षक मात्र जागचे हलले नव्हते. सगळ्यांच्या माना खाली. जो तो आपापल्या फोनवर तीच बाई पुन्हा पुन्हा पाडत होता.

“काय पाहिलंत तुम्ही?” त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका माणसाला विचारलं.

“थांबा, दाखवतो.”

“दाखवू नका, सांगा. डोळ्यांनी काय पाहिलंत?”

“डोळ्यांनी असं नाही… मी व्हिडिओ काढत होतो ना.”

दुसरा तेच म्हणाला. तिसरीही तेच म्हणाली, वर “कुठल्या नंबरवर पाठवू?” असंही विचारलं. अख्खं नाट्यगृह भरलेलं आणि साक्षीदार औषधालाही नाही! इन्स्पेक्टर बाईंनी कपाळाला हात लावला.

पहिल्या रांगेतल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी निदान तक्रार तरी केली. “माझा अर्धा व्हिडिओ वाया गेला हो. स्टेजच्या कडेला स्टँडवर त्यांचाच एक फोन लावलेला. त्याचा स्क्रीन आमच्या तोंडावर. नुसता उजेड! नंतर कुणीतरी बंद केला, तेव्हा कुठे नीट दिसायला लागलं.”

“बरं,” म्हणून इन्स्पेक्टर बाई पुढे गेल्या. उजेडाच्या तक्रारी ऐकायला त्या आल्या नव्हत्या.

जादूगार विंगेत खुर्चीवर बसला होता. मखमली अंगरखा, हातात अजून पांढरे हातमोजे. रडून डोळे लाल झाले होते. शेजारी त्याची लेक उभी होती. ती दारावर तिकिटं बघायची. आई पडली तेव्हा ती बाहेर होती.

“ती हवेत कशी बसते?” इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

“मॅडम, ते गुपित माझ्या वडिलांचं आहे. बाहेर जाता कामा नये.”

“बायको मरणाच्या दारात आहे आणि तुम्हाला गुपिताची काळजी?”

त्याने मान खाली घातली आणि त्यांना काळ्या पडद्यामागे नेलं. तिथे लोखंडी खांब होता. खांबातून निघालेला दांडा पडद्याच्या चिरेतून पुढे जायचा आणि त्याच्या टोकाला आसन. मागे एक हँडल आणि एक ब्रेक. हँडल फिरवलं की आसन वर, उलटं फिरवलं की खाली. बास. इतकीच ती अद्भुत विद्या.

“लोकांना हे कळत नाही?”

“दांडा आहे हे सगळ्यांनाच वाटतं, मॅडम. तरी बघायला येतात. माणसाचे पाय जमिनीवरून सुटले की बघणाऱ्याला क्षणभर आपलेच सुटल्यासारखं वाटतं.”

हँडलपाशी स्टुलावर जादूगाराचा धाकटा भाऊ बसला होता. दाढी वाढलेली, मांडीवर टॅब, हातात स्वतःचा फोन. सगळ्या मंडळीत त्याला ‘चार्जर’ म्हणत, कारण कुठेही गेला की तो आधी प्लग शोधायचा.

“हँडल तुम्ही फिरवत होता?”

“हो.”

“मग?”

“माझीच चूक. ब्रेक लावायच्या ऐवजी आसन खाली घेतलं. वहिनी उभ्या राहत होत्या. तोल गेला.”

“ब्रेक का नाही लावलात?”

“दादाचा हात चुकीचा बघितला.”

“म्हणजे काय?”

त्याने थकून समजावलं. आसन वर गेलं की वहिनी उभ्या राहणार की नाही, हे त्यांच्या गुडघ्यावर ठरायचं. गुडघा बरा असेल तर त्या दादाकडे बघून डोळे मिटायच्या. मग दादा उजवा हात छातीवर ठेवायचा. म्हणजे ब्रेक लाव. गुडघा दुखत असेल तर डावा हात. म्हणजे तशीच खाली घे.

“आणि तुम्ही ते पडद्यामागून कसं बघता?”

“आधी भोकातून बघायचो. हल्ली लोक फोनवर झूम करतात, माझा डोळा चमकताना दिसला एकाला. म्हणून भोक शिवून टाकलं. आता पुढे स्टँडवर एक फोन असतो. त्याच्या स्क्रीनवर जे दिसतं ते इथे टॅबवर येतं. रेकॉर्ड काही होत नाही. समोरून दिसतं ना, तेव्हा दादाचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला येतो. आधी गोंधळ व्हायचा. मग बसलं डोक्यात.”

“आज टॅबवर चित्र नीट येत होतं?”

“एकदम नीट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.”

“मग चुकलात कसे?”

त्याच्या हातातला फोन हवालदाराने घेतला. त्यावर रंगीत फुगे फोडायचा खेळ उघडा होता.

“हे काय?” हवालदार म्हणाला.

“तेव्हा खिशात होता. मी खेळत नव्हतो.”

“काका, खोटं बोलू नका!” लेक ओरडली. “जेवताना खेळता, चालताना खेळता. आई वर होती आणि तुम्ही फुगे फोडत होता. आईच्या आसपास फिरकू नका यापुढे.”

तो टॅब मिटून स्टुलावरून उठला.

“स्टँडवरच्या फोनला कुणी हात लावला होता?” इन्स्पेक्टर बाईंनी जादूगाराला विचारलं.

“कुणीही नाही. पडदा उघडण्याआधी मीच लावतो, खेळ संपल्यावर मीच काढतो.”

“तुमचा स्वतःचा फोन कुठे असतो?”

“मेकअपच्या खोलीत, कुलपात.” त्याने अंगरखा झटकला. “आमच्या घराण्याची रीतच आहे. कपड्यांना खिसा शिवायचा नाही. लोकांनी खुशाल झडती घ्यावी.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून व्हिडिओंचा पूर आला. इन्स्पेक्टर बाईंचा फोन भरला आणि बंद पडला. त्या पडण्याच्या व्हिडिओला कुणीतरी दुःखी संगीत लावलं होतं, कुणीतरी विनोदी. ‘फोनवेड्या भावाने घेतला वहिनीचा बळी’ असंही फिरत होतं, आणि वहिनी तर जिवंत होती! मोठ्या साहेबांनाही ते कुणीतरी पाठवलंच.

“अटक का केली नाही अजून?” साहेबांनी फोनवर विचारलं.

“साहेब, त्याचं म्हणणं पटत नाही.”

“त्याने कबूल केलंय ना?”

“तेच पटत नाही. फोनवर खेळणारा माणूस म्हणेल, हात दिसलाच नाही. हा म्हणतो, दिसला, पण चुकीचा दिसला.”

“उद्यापर्यंत आत घ्या त्याला. लोक मला विचारतायत.”

इन्स्पेक्टर बाईंनी व्हिडिओ पाहायला घेतले. एक, दुसरा, दहावा. सगळे सारखे. आसन वर जातंय, पांढऱ्या मोज्यांचे हात पसरलेत, बाई अधांतरी बसलीय. दांडा, हँडल सगळं ठाऊक असूनही तिचे पाय सुटले की त्यांचा श्वास अडकायचा. याचाही त्यांना राग येत होता. रडावंसं वाटत होतं, आणि रडायला वेळ नव्हता.

तेवढ्यात डोळ्यात काहीतरी गेलं. “आरसा आहे का रे कुणाकडे?”

“फोन घ्या ना, मॅडम,” हवालदाराने आपल्या फोनचा पुढचा कॅमेरा लावून समोर धरला. “कुठल्या डोळ्यात?”

“उजव्या.” त्यांनी स्क्रीनमध्ये बघत डोळा ताणला. कण निघाला. पण त्या तशाच बघत राहिल्या. मग उजवा हात वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला.

“मॅडम, बरं वाटतंय ना?”

“त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ लावा. पहिल्यापासून. पुढे पळवू नका.”

हवालदाराने लावला. खेळात मधेच एकदा जादूगार प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला. “चला, सगळ्यांचा एक सेल्फी!” लोक हसले, हात हलवले. इथवर सगळ्यांनीच पाहिलं होतं आणि पुढे पळवलं होतं. इन्स्पेक्टर बाईंनी मात्र थांबून चित्राचा खालचा कोपरा बघितला. बाई पडली त्याच्या पुढचाही तुकडा बघितला, जिथे सगळं हलतं, सगळे ओरडतात. तो तुकडा त्यांनी तीनदा बघितला. मग फोन पालथा घातला.

दुपारी त्यांनी तिघांना नाट्यगृहात बोलावलं. जादूगार, लेक आणि धाकटा. धाकट्याला बेडी घालायला आणलंय असं लेकीला वाटत होतं.

“तुम्ही टॅब घेऊन मागे बसा,” इन्स्पेक्टर बाई धाकट्याला म्हणाल्या. “हवालदार, तुम्ही जादूगार. मी सांगेन तो हात छातीवर.”

त्यांनी जादूगाराचा तोच फोन स्टँडवर लावला. मागचा कॅमेरा स्टेजकडे, स्क्रीन खुर्च्यांकडे. हवालदाराने हात छातीवर ठेवला.

“उजवा,” मागून आवाज आला. “ब्रेक.”

इन्स्पेक्टर बाई स्टेजवर चढल्या. फोन उचलला, पुढचा कॅमेरा चालू केला आणि आता स्क्रीनच स्टेजकडे येईल असा परत ठेवला.

“आता?”

“डावा,” मागून आवाज आला. “खाली.”

“हवालदार, हात बदललात?”

“नाही, मॅडम. तोच आहे.”

पडद्यामागून धाकटा बाहेर आला. टॅब त्याच्या छातीशी धरलेला होता. “तोच आहे?” त्याने विचारलं. “उजवाच होता?”

“उजवाच होता. पुढचा कॅमेरा स्क्रीनवर आरशासारखं उलटं दाखवतो. तुमचं डोकं सरळ होतं, चित्र उलटं होतं. मधे फक्त एक माणूस आणि काळा पडदा, त्यामुळे उलटं झालंय हे कळायला काही मार्गच नव्हता.” त्या जादूगाराकडे वळल्या. “फोन कुणी फिरवला?”

“मला काय माहीत?”

“सेल्फी कुठल्या फोनवर काढलात?”

“माझ्या.”

“तो कुलपात होता आणि तुमच्या अंगरख्याला खिसा नाही.”

त्याने अंगरखा चाचपला.

“भाऊ त्या वेळी मागे तुमच्या बायकोला आसनावर बसवत होता. तुम्ही स्टँडवरचा फोन काढला, सेल्फी घेतला आणि स्टेजवरूनच परत ठेवला, स्क्रीन आपल्याकडे करून. त्यात तुम्हाला स्टेज दिसलं, तुम्ही दिसलात, वाटलं झालं काम. तिथून पुढे पहिल्या रांगेला उजेडाचा त्रास झाला नाही. तिथे बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणीतरी फोन बंद केला. पण भावाच्या टॅबवर तर चित्र येतच होतं. म्हणजे फोन बंद नव्हता, त्याने तोंड फिरवलं होतं.”

“चुकून झालं, मॅडम,” जादूगाराचा आवाज फुटला. “देवाशपथ, चुकून झालं.”

“चूकच होती. ती सांगितली असतीत तर मी तुम्हाला पाणी पाजून घरी पाठवलं असतं.” इन्स्पेक्टर बाईंनी डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ लावला आणि फोन लेकीच्या हातात दिला. “हे बघ. आई खाली पडलीय. लोक ओरडतायत. आता खालचा कोपरा बघ.”

लेकीने बघितलं. अंधाऱ्या कोपऱ्यात पांढरा मोजा आला आणि तिथे पुन्हा उजेड झाला. मग तो मोजा आईकडे पळाला.

“आसन खाली जायला लागलं तेव्हाच तुम्ही स्टँडकडे बघितलंत आणि काय झालंय ते ओळखलंत,” इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. चिडून चिडून त्यांचा आवाज आता नुसता दमलेला होता. “ती पडली आणि तुम्ही आधी फोन सरळ केलात. मग तिच्याकडे गेलात. नंतर सगळे म्हणाले भाऊ फुगे फोडत होता, आणि तुम्ही त्यांना म्हणू दिलंत. पुरावा हलवणं, खोटा जबाब देणं. चला, लिहून द्या.”

“लोक म्हणाले असते, जादूगाराला साधा फोन ठेवता येत नाही,” जादूगार पुटपुटला. “खेळच संपला असता आमचा.”

धाकटा भावाकडे बघत होता. त्याला रागावता येत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. “दादा, मी देवाला सांगत होतो रे,” तो म्हणाला, “की वहिनी वाचू दे, माझे हात गेले तरी चालतील.”

लेकीने डोळे पुसले. व्हिडिओ बंद करून फोन परत दिला.

“आई सकाळी शुद्धीवर आलीय,” ती म्हणाली. “काका, चला. भेटायची वेळ होतेय.”

“मीही येतो,” जादूगार उठला. “मॅडम, एकदा बघून येऊ द्या. मग लिहून देतो सगळं.”

इन्स्पेक्टर बाई काही बोलायच्या आत लेक वळली. तिने काकाचा दंड धरला होता.

“आत एकालाच सोडतात, बाबा.”