नाव कुठं घेतलं?

असा कोणता शब्द आहे, जो आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे, आमच्या दारावरच्या पाटीवर रंगवलेला आहे, आणि तरीही माझी आजी त्याला गुपित समजत होती? हे कोडं सोडवायला मला एक दुपार लागली. सुटलं तेव्हा स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश झाले होते. ते सुटलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मी तेव्हा सातवीत होते. आमचं घर येवल्यातलं आणि माझी आजी, सगुणाबाई, पैठणी विणणारी. आख्ख्या गल्लीत डावखुरी विणकर ती एकटीच. दिवाळीला वैजूआत्या, म्हणजे आजीची लेक, नाशिकहून आली आणि तिनं आजीच्या मनगटावर एक पट्टा बांधला. आत्या असे पट्टे बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. आजी त्याला ‘कडं’ म्हणायची आणि बांगड्यांच्या मागे सारून ठेवायची.

मी आत्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. ती न कंटाळता सांगत राहिली. पट्ट्याच्या पोटाशी एक हिरवा दिवा असतो. आपलं रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात जास्त रक्त येतं, म्हणून कमी प्रकाश परत येतो. ठोका ओसरला की जास्त येतो. हे कमीजास्त मोजलं की नाडी समजते. शिवाय आत एक त्वरणमापक (हालचाल किती झटकन बदलते ते मोजणारा तुकडा) असतो. बसला ब्रेक लागला की आपण पुढे जातो ना, तसंच त्याच्या आतलं चिमुकलं वजन हात हलला की सरकतं. ते किती सरकलं, यावरून हात कसा हलला ते कळतं.

पट्ट्यात साठलेले आलेख पाहायचे तर त्याला एक सांकेतिक शब्द (कुलपाच्या किल्लीसारखा ठरवलेला शब्द) सांगावा लागे. आत्या आजीला म्हणाली, की जो शब्द तू कुणापुढे उच्चारत नाहीस असा निवड. आजी लगेच आतल्या खोलीत गेली, पट्ट्याशी काहीतरी पुटपुटली आणि लाजत बाहेर आली.

आता तुम्हीच सांगा, आजी कुणापुढे न उच्चारणारा शब्द कोणता असेल? आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी ती त्यांचं नाव घेत नसे. ‘हे’ म्हणायची, नाहीतर ‘तुझे आजोबा’. एकदा ती आंघोळीला गेली तेव्हा पट्टा देवळीत काढून ठेवलेला होता. मी तोंड जवळ नेऊन हळूच म्हटलं, “दिगंबर.” पट्टा उघडला.

शाळेत विज्ञान मेळावा होता आणि माझ्याकडे प्रकल्प नव्हता. आजीला विचारावं असं मनात आलंही, पण ती नाही म्हणाली तर, या धास्तीनं मी विचारलंच नाही. महिन्याभराचे आलेख उतरवून घेतले. काय सुरेख आलेख होते ते! आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे जातानाची लय, अकरा ते सव्वाअकराची सुट्टी, मग पुन्हा लय. आणि त्या लयीच्या आत, सेकंदाला पाच वेळा येणारी एक बारीक थरथर. ती दिवसेंदिवस किंचित वाढत होती. डोळ्याला न दिसणारा कंप पट्ट्यानं पकडला होता. मी तो लाल शाईनं रंगवला आणि तक्त्यावर लिहिलं: ‘एक विणकर (नाव गुप्त), डावखुरा हात.’ नाव लिहिलं नाही म्हणजे झालं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. माझा पहिला नंबर आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विणकर संस्थेचे चिटणीस रंगनाथअण्णा घरी आले. चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, की मेळाव्यातला तक्ता त्यांनी पाहिला. डावखुरी विणकर कोण, आणि अकरा वाजता माग थांबवून शेजारच्या दृष्टी गेलेल्या बापूंना पेपर वाचून दाखवायला कोण जातं, हे काय त्यांना सांगायला हवं होतं? आजीच्या मागावरची साडी लग्नाची होती आणि पदर विणायचा राहिला होता. पदरातल्या मोरांना स्थिर हात लागतो. तारीख जवळ आली होती, म्हणून पदर सुलभाकाकूंनी विणावा असं संस्थेनं ठरवलं होतं. अण्णा वाईट नव्हते. आजीला नमस्कार करून गेले.

आजीला कंपाचं माहीत होतं. आजीनं पट्टा उघडून दिल्यावर आत्यानं तो आधीच आलेखात पाहिला होता, नाशिकच्या डॉक्टरांना दाखवला होता. लवकर लक्षात आल्यामुळे साध्या औषधावर भागत होतं, आणि एवढा पदर आरामात होईल असं डॉक्टर म्हणाले होते. मी माझा सगळा पराक्रम रडत रडत कबूल केला.

“पण मी तुझं नाव कुठं घेतलं, आजी?”

“मी तरी ह्यांचं नाव कुठं घेतलं होतं?” आजी म्हणाली. “हा शेवटचा पदर विणून मी मागावरून उठणार होते. हात कापतो हे मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं गं.”

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. पुढचे बारा दिवस सुलभाकाकू आजीच्या जागेवर बसून विणत होत्या आणि आजी शेजारी बसून त्यांना रेशमाच्या कांड्या देत होती. एक मोर तेवढा काकूंनी हट्टानं आजीकडून विणून घेतला. मला त्या खोलीत जायचं धाडस होत नव्हतं.

आत्या आली तेव्हा तिनं मला समजावलं, पण आधी स्वतःची चूक मान्य केली. तोंडानं न बोललेली गोष्ट आणि लोकांना माहीत नसलेली गोष्ट, या दोन वेगळ्या आहेत, हे तिनं आजीला सांगायला हवं होतं. आणि माझी चूक? माणसाची ओळख नुसत्या नावात नसते. चालण्यात, सवयींत, कामाच्या वेळांत असते. नाव खोडलं तरी ती आलेखात उरतेच. म्हणून दुसऱ्याच्या शरीराची माहिती दाखवण्याआधी त्या माणसाला विचारायचं, त्याला दुसरी वाट नाही.

वर्षभरानं आत्यानं नवा पट्टा आणला. तो शब्दाबरोबर आवाजही ओळखतो, त्यामुळे माझ्यासारखीनं शब्द ओळखला तरी उघडत नाही. आलेख पट्ट्यातच राहतात. डॉक्टरांकडे रोज एकच ओळ जाते, कंप वाढला की नाही एवढीच. आत्या म्हणते, पुढे सगळेच पट्टे असे होतील.

आजीनं नवा शब्द सांगायला पट्टा तोंडाजवळ नेला. मी कुणी न सांगता उठले आणि बापूंकडे पेपर वाचायला गेले. परत आले तेव्हा आजी मागाशी नुसतीच बसली होती. “दिगंबर नाही बरं का,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते नाव माझ्यासमोर घेतलं, आणि हसली. मग सरकून तिनं मला शेजारी जागा करून दिली.

तो नवा शब्द कोणता असेल, याचा मला साधारण अंदाज आहे. मी तो कधी म्हणून पाहिलेला नाही.