अंजनाचे दोन शेंडे

"अहो... माझ्या अंजनाचा शेंडा कुठे गेला?"

शेंडा माझ्या हातात होता! आम्ही मखमलाबादचे माळी. शेवंतीचा शेंडा खुडला की रोप छान फुटतं, हाताला लहानपणापासून तीच सवय. या टेकडीवर पहिल्यांदाच आले, एका रोपापाशी वाकले, आणि बोटांनी आपलं काम केलं.

"शेवंती वाटली की काय तुम्हाला? सरळ आभाळात जायचं झाड आहे हे!"

तो जीवन. आपल्या गावाकडच्या, नामपूरच्या डोंगरातलं बी आणून त्यानं ते रोप केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड गप्प बसेल तर शपथ!

"फुटेल की पुन्हा! दर रविवारी येऊन पाणी घालीन, मग तर झालं?"

"याल... नक्की?" तो हसला. गालाला खळी पडली हो!

आज वृक्षउद्यान आहे तिथे पूर्वी मुरमाची खाण होती. नुसती उघडी टेकडी. लोकांनी खांद्यावरून पाणी वाहून ती हिरवी केली. ओढ्याकाठी अर्जुन नि करंज, चढावर पळस, बहावा, प्रत्येकाखाली नावाची पाटी. कितीही पाहा, मन भरत नाही. नियम एकच... लावणाऱ्यानं तीन वर्षं राखायचं, मग झाड सगळ्यांचं.

रविवार जात राहिले. एकदा त्यानं माझ्या तळव्यावर अंजनाचं पान ठेवलं. "बघ, पान एक, पण भाग दोन."

"दिसतंय. शेवंतीवाल्यांनाही डोळे असतात." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

आज तिसरं वर्ष संपलं. उद्यान सांभाळणारे निवृत्तीकाका छाटणीचं सिकेटर घेऊन आले. मी खुडलं होतं तिथून दोन शेंडे जोमानं वर निघाले होते.

"एक काढावा लागंल, नायतर वाऱ्यानं झाड चिरंल. मग तुम्ही दोघं मोकळे."

मोकळे! आता तो कशाला येईल इथे?

जीवननं काकांचा हात धरला. "नका काका. सुतळीनं सैल बांधू दोन्ही. मी राखीन... कायम. पण एकटा नाही."

"म्हणजे? नीट बोल की," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले, आणि नाशिकची मराठी कुठल्या कुठे पळून घरची अहिराणी बाहेर आली. "हर्षाली... तू माले आवडस."

काकांनी सिकेटर खिशात घातलं. "मग आणू का सुतळी?"

"आणा," मी डोळे पुसत म्हटलं. "आणि आमच्या घरी तुम्हीही चला याच्याबरोबर. हा बाबांसमोर असंच बोलला, तर त्यांना कोण समजावून सांगणार?"