पिवळी शेपटी

शुद्धीकरण केंद्रातून निघतं तेव्हा आमचं पाणी चांगलं असतं आणि आमच्या नळाला येतं तेव्हा वाईट असतं. मधल्या वाटेत कुणी काही मिसळत नाही. मग घाण येते कुठून? या कोड्यावर आमच्या शहरातली मोठी माणसं नुसत्या माना हलवतात. मला त्या माना हलवण्याचा भयंकर राग येतो, कारण माझा पाच वर्षांचा भाऊ अन्वय टायफॉईड होऊन दुसऱ्यांदा दवाखान्यात पडला आहे.

आई प्यायचं पाणी उकळते. पण अन्वय दात घासताना चूळ भरतो आणि निम्मी गिळतो. कितीही ओरडा, ऐकेल तर शपथ! डॉक्टर बाबांना म्हणाले, "पुन्हा झालं तर त्याची आतडी साथ देणार नाहीत." हे मी दाराआडून ऐकलं आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आमच्याकडे बोलणारे फ्रीज आलेत, गच्चीवर किराणा टाकून जाणारी ड्रोन आलीत. पाणी मात्र चार दिवसांआड, तेही तासभर. त्या दिवशी पाणी यायच्या आधी मी फाटकाजवळच्या खड्ड्यात वाकले होते. तिथे रस्त्यावरचा पाइप घरात शिरतो आणि त्यालाच आमची मोटार जोडलेली आहे. मी तोटी काढून गाळ खरवडत होते, तेवढ्यात पाइपातून काहीतरी वळवळत बाहेर आलं.

"आई गं!" मी किंचाळले.

"घाबरू नका. मी पाणी विभागाचा पाइप तपासणारा यंत्रमानव आहे."

ते बोटाएवढं जाड होतं आणि अंगावर वळ्या होत्या.

"तू तर गांडूळ आहेस," मी म्हणाले.

"यंत्रमानव."

"गांडूळ!"

त्याने नाद सोडला. "माझी शेपटी बघा," ते म्हणालं. "पाण्यात क्लोरीन (जंतू मारण्यासाठी केंद्रात घालतात ते द्रव्य) शिल्लक असलं की ती पिवळी होते. केंद्रातून निघताना पिवळीधमक होती. तुमच्या गल्लीत पांढरी पडली. घाण आत आली की क्लोरीन तिच्याशी झगडण्यातच खर्च होतं आणि उरलेले जंतू थेट तुमच्या बादलीत येतात."

"अरे, पण घाण आत येतेच कशी? पाइप तर बंद असतो!"

"उसाचा रस नळीने पिता ना? नळीला मध्येच भोक असलं तर?"

"तोंडात हवाच येते. डोकं फिरतं माझं."

"आणि त्याच नळीत फुंकलं तर?"

"भोकातून रस बाहेर उडतो. अन्वय मुद्दाम करतो तसं."

"पाइपाचंही तसंच असतं. आत पाण्याचा दाब भरपूर असला की भेगेतून पाणी बाहेर गळतं. वाया जातं, पण घाण आत येत नाही. मोटारींनी पाणी ओढलं की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. त्याला ऋण दाब म्हणतात. मग भेगेबाहेर जे असेल ते आत ओढलं जातं. तुमच्या गल्लीतली भेग कुठे आहे, माहीत आहे?"

मी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्याच्या कडेने गटार वाहत होतं.

"मग बुजव ना ती भेग! इथे काय करतोयस?"

"बुजवल्या. एक बुजवली की पुढे दुसरी फुटते, पाइप पार कुजलाय. सगळा बदलायचा तर गल्ली खणायला हवी, आणि अशा गल्ल्या शहरात किती आहेत ते मला मोजवत नाही." यंत्राचा आवाज असा थकलेला मी कधी ऐकला नव्हता. "मोटारी बंद ठेवा. पाणी बारीक येईल, पण बरं येईल."

पुढच्या खेपेला पाणी येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी अन्वय घरी येणार होता. मी आईला सगळं सांगितलं. ती "हं, हं" करत त्याची चादर शिवत राहिली. मग मी गल्लीत दार न् दार वाजवलं. उत्तर सगळीकडे एकच, "आधी शेजारच्यांना बंद करायला सांग." ज्याने बंद केली त्याच्या वाटचं पाणी शेजारची मोटार ओढणार, हे सगळ्यांना पाठ होतं. मला वाटलं, संपलं सगळं, या गल्लीचं काही होणार नाही. पण समोरच्या खैरनार काकूंच्या नातीलाही ताप होता. त्यांनी एकेकाला फैलावर घेतलं आणि एकच दिवस म्हणून सगळे कसेबसे तयार झाले.

पाण्याचा दिवस आला. गल्लीत एकही मोटार लागली नाही. करंगळीएवढी धार पडू लागली. गांडूळ पाइपातून डोकावलं आणि त्याने शेपटी वर केली. पिवळी! फिकट, पण पिवळी!

"भेगेतून पाणी बाहेर जातंय," ते म्हणालं. मी अक्षरशः नाचले.

तेवढ्यात घुर्रर्र झालं. अगदी जवळ. कोण आहे तो हलकट, म्हणून मी ओरडत वळले. खड्ड्यातली मोटार थरथरत होती. आमचीच. आत बटणापाशी आई उभी होती.

"आई! अगं काय केलंस हे?"

"उद्या पोर घरी येतंय," ती म्हणाली. "त्याचे कपडे, अंथरुणं, आंघोळ... टाकीत खडखडाट आहे. एवढ्याशा धारेवर काय करू मी? अशा वेळी पाणी नको घरात?"

बाहेर दुसरी मोटार लागली. मग तिसरी. मग सगळी गल्लीच घुरघुरायला लागली. आमच्यापासून सुरुवात झाली होती.

मी आईचा हात धरून तिला खड्ड्याशी आणलं. गांडुळाने शेपटी दाखवली. पिवळा रंग आमच्या डोळ्यांदेखत उतरत गेला आणि पांढरा झाला. नळातून गटाराचा वास आला.

आई बघत राहिली. मग आत जाऊन तिने बटण बंद केलं आणि पाना आणून मोटार पाइपापासून सोडवली. दोन्ही हातांनी उचलून फाटकाबाहेर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. आमच्या नळाची धार केव्हाच थांबली होती. बाकीच्या मोटारी चालूच होत्या.

मग तिने बाबांना फोन लावला.

"उद्या त्याला इथे आणू नका," ती म्हणाली. "परस्पर मावशीकडे न्या. नाही हो, रडत नाहीये. आपलं पाणी त्याला देण्यासारखं नाही अजून."

फोन ठेवून ती पायरीवर बसली आणि रडली. मीही रडले. बसल्या बसल्या मी त्या घुरघुरीकडे कान लावला होता. मध्येच त्यातला एक आवाज कमी झाला. कुणाचा, ते कळलं नाही. गांडुळाने शेपटी पुन्हा पाण्यात घालून वर काढली.

"पांढरीच आहे," ते म्हणालं. "पण मी इथेच थांबतो."

आई डोळे पुसून उठली आणि खैरनार काकूंच्या फाटकाकडे निघाली.